दरी तीन राज्यांची, दोर मात्र गावच्या पोरांचा

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी दुपारी आंबोलीजवळ गेळे गावच्या कावळेसाद पॉईंटवर जा आणि गाड्यांच्या नंबर प्लेट वाचत चला. केए २२ म्हणजे आपलं बेळगाव. एमएच ०९ कोल्हापूर, एमएच ०७ सिंधुदुर्ग. मध्येच जीए ०१, जीए ०३. तीन राज्यांची माणसं एकाच रेलिंगला टेकून एकाच धुक्यात बघत उभी असतात. भजी, चहा आणि भाजलेलं कणीस सगळ्यांना सारख्याच भावात मिळतं.

आता यातलाच कुणी पाय घसरून खाली गेला, तर पुढचे चार-सहा तास त्याच्यासाठी कोण काय करणार, हा या लेखाचा विषय आहे. उत्तर तसं सरळ आहे. पोलीस येतात, पण दरीत उतरतात ती गावची पोरं. आंबोलीचं पथक उतरतं, सांगेलीहून माणसं येतात. कोल्हापूरच्या बाजूला घटना असेल तर व्हाईट आर्मीसारखी संस्था धावते. यातला कुणी हॉटेलात कामाला असतो, कुणी रिक्षा चालवतो, कुणाचं काजूचं किंवा उसाचं शेत असतं. सरकारी पगारावर यातलं कुणीच नसतं.

दरवर्षी जूनमध्ये आपण बातम्या छापतो, फोटो टाकतो, ‘जिगरबाज तरुणांचे कौतुक’ असा मथळा देतो आणि ऑक्टोबरात सगळं विसरतो. मीही त्यातलाच. म्हणून यावेळी कौतुक जरा बाजूला ठेवून हिशेब मांडायचा आहे. कॉमर्सवाल्याला दुसरं येतं तरी काय?

आधी काम काय असतं ते बघू

टीव्हीवर दोर टाकला आणि माणूस वर ओढला, असं दिसतं. प्रत्यक्षात तसं काही नसतं. समजा माणूस ३०० फूट खाली आहे, म्हणजे साधारण ९० मीटर. एक स्वयंसेवक खाली उतरतो, स्ट्रेचर उतरवतात, जखमीला त्यात बांधतात. वर येताना स्ट्रेचर, जखमी आणि सोबतचा स्वयंसेवक मिळून दीडशे ते दोनशे किलो वजन होतं. हे नुसत्या हातांनी ओढता येत नाही. मग कप्प्या लावून तीनास एक अशी रचना करतात. त्यात ओढायचं वजन कागदावर एक तृतीयांश होतं, पण दोर तिप्पट ओढावा लागतो. ९० मीटर वर आणायला २७० मीटर दोर हातातून जातो. कड्याच्या धारेवर घर्षण होतं म्हणून कागदावरचा हिशेबही पुरता लागू पडत नाही. धारेखाली गोणपाट किंवा ताडपत्री घातली नाही तर दोर कापला जाण्याची भीती असते. शिवाय एका दोरावर माणूस लोंबकळत ठेवत नाहीत, जोडीला दुसरा सुरक्षेचा दोर लागतोच.

दोरही कुठलाही चालत नाही. प्रस्तरारोहणाचा ताणणारा दोर वेगळा आणि बचावाचा न ताणणारा वेगळा. बचावाला बहुधा ११ मिलीमीटर जाडीचा दोर वापरतात. नायलॉनच्या दोराला वयही असतं. वापरला नाही तरी दहा वर्षांनंतर तो बाद धरावा, असं बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. आपल्याकडच्या पावसात, चिखलात, जांभ्या दगडावर घासलेला दोर त्याच्या कितीतरी आधी संपतो. हेल्मेट, हार्नेस, कॅराबिनर, डिसेंडर, कप्प्या, स्ट्रेचर, वॉकी-टॉकी, हेडलॅम्प ही यादी लांबत जाते. आणि हे सगळं वर्गणीतून किंवा एखाद्या देणगीतून येतं.

त्यात आंबोलीचा पाऊस. वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पडणारा. धुकं असं की दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. अशा वेळी हेलिकॉप्टरचं नावच काढू नका. मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे खालच्याने वरच्याला काय सांगितलं ते कळायला शिट्टीच्या खुणा ठरवाव्या लागतात. जळवा आणि निसरडं शेवाळ तर आहेच. उन्हाळ्यात गेलं तर आग्या मोहोळ.

आता रोजाचा हिशेब. अशा एका कामाला वीस माणसं आणि नऊ तास लागले असं धरा. १८० मनुष्यतास झाले. माणशी ६०० रुपये रोज पकडला तरी गावाने एका दिवसात १२ हजार रुपयांची मजुरी सोडली. गाडीचं पेट्रोल, भिजलेले मोबाईल आणि घासलेला दोर यात धरलेला नाही. हा आकडा मी उदाहरणादाखल धरलाय, पण कमीच धरलाय. हंगामात असे चार-पाच प्रसंग आले तर बेरीज तुम्हीच करा. ज्याच्यासाठी हे झालं तो बहुतेक वेळा परगावचा, अनेकदा परराज्यातला असतो.

सह्याद्रीने शिकवलेला धडा

हे फक्त आपल्या टोकाला घडतं असं नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात कोसळली. ३० जण गेले, एक वाचला. तो एकटा दरीतून वर चढून आला म्हणून जगाला बातमी कळली. एनडीआरएफ पोहोचलं, पण त्या दरीत उतरून मृतदेह वर काढण्यात महाबळेश्वर आणि परिसरातल्या ट्रेकर मंडळींचा वाटा किती मोठा होता, हे त्या भागात कुणालाही विचारा.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. पायथ्यापासून चिखलातून चढून जायचं, तेही भर पावसात आणि रात्री. जेसीबी वर जाऊ शकला नाही, खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडालं नाही. पहिल्या तासांत तिथे होते ते आसपासचे गावकरी, खोपोली भागातले गिर्यारोहक आणि स्वयंसेवक. फावडी, घमेली आणि हात हीच त्यांची साधनं होती. मदतीला निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा चढतानाच हृदयविकाराने मृत्यू झाला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जणांना बेपत्ता म्हणून सोडून चार दिवसांनी शोध थांबवावा लागला.

लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र हे पथक वर्षानुवर्षं हे काम करतंय. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा शोधात तेही होते. राज्यभरातल्या अशा पथकांना जोडणारं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे. त्यांच्या हेल्पलाईनवर फोन आला की ठिकाण विचारून सगळ्यात जवळच्या पथकाला निरोप जातो. म्हणजे पुण्या-मुंबईच्या डोंगरात निदान एक साखळी उभी राहिली आहे. तीही स्वयंसेवकांनीच उभी केली, हे लक्षात ठेवायचं.

आपल्याकडे ही साखळी राज्याच्या हद्दीला येऊन तुटते.

किटवाड

२६ नोव्हेंबर २०२२ चा शनिवार बेळगावकर विसरले नसतील. शहरातून सहलीला गेलेल्या मुली किटवाडच्या धबधब्यावर पाण्यात पडल्या आणि चौघी गेल्या. फोटो काढताना तोल गेला, असं तेव्हा समोर आलं. किटवाड बेळगावहून तासाभराच्या आतलं, पण तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर, राज्य महाराष्ट्र. मुलींना आणलं ते बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, कारण तेच जवळ. रुग्णालयाबाहेर गर्दी, बंदोबस्त. घटना एका राज्यात, मृतदेह दुसऱ्या राज्यात. आपली माणसं समोर निजलेली असताना कुठलं ठाणं, कुठली हद्द हे प्रश्न आई-बापांच्या डोक्यावर येऊन पडतात.

तो पंधरवडा आठवा. सीमाप्रश्नावरून दोन्हीकडचे नेते रोज एकमेकांवर तोंडसुख घेत होते. दहा दिवसांनी, ६ डिसेंबरला, हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्रातल्या गाड्यांवर दगडफेक झाली, एसटी बंद पडल्या. दोन राज्यांची सरकारं सीमेवर बोलायला दिल्लीत बसली, पण त्या बैठकांच्या बातम्यांत किटवाडसारख्या ठिकाणी पुन्हा कुणी पडलं तर कुणी कुणाला फोन करायचा, हा मुद्दा मला कुठे वाचायला मिळाला नाही. दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो चालेल तेव्हा चालेल. दरीत पडलेल्या माणसाला तेवढी सवड नसते.

आणखी एक गोष्ट. ते नोव्हेंबरमध्ये घडलं. आपले बंदीचे आदेश जून ते सप्टेंबरचे असतात. पाऊस संपला की फलक गंजतात, होमगार्ड परत जातात आणि धबधबा मात्र डिसेंबरपर्यंत वाहत राहतो.

फोन कुणाला लागतो?

चोर्ला घाटातून पणजीला जाणाऱ्यांना ठाऊक आहे, मोबाईलवर ‘वेलकम टू’चे मेसेज किती वेळा येतात ते. इथे तीन राज्यं एकमेकांत घुसलेली आहेत. तिळारी, चंदगड, पारगडच्या बाजूलाही तेच. अशा जागी ११२ लावला तर फोन ज्या टॉवरला चिकटेल त्या राज्याच्या नियंत्रण कक्षात जाण्याची शक्यता असते. म्हणजे माणूस पडलाय महाराष्ट्रात आणि विचारणा होतेय कन्नडमध्ये, असंही होऊ शकतं. तिथला कर्मचारी त्याच्या पडद्यावर गाव शोधतो, गाव सापडत नाही. त्याचा दोष नाही. त्याच्या नकाशात ते गावच नाही.

रुग्णवाहिकेचा क्रमांक तिन्ही राज्यांत १०८ च आहे, पण यंत्रणा तीन वेगळ्या. मोठ्या मदतीचं गणितही असंच. सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि गोव्यासाठी एनडीआरएफची पाचवी बटालियन, तिचा तळ पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. कर्नाटक येतं दहाव्या बटालियनकडे, तिचा तळ आंध्रात विजयवाड्याजवळ. पावसाळ्यात तुकड्या आधीच पुढे आणून ठेवतात हे खरं, कोल्हापुरात तर पुराच्या भीतीने ठेवतातच. पण ती तयारी पुराची. एकटा माणूस कड्यावर अडकला म्हणून बोटी घेऊन बसलेली तुकडी घाटावर पोहोचेपर्यंत काय व्हायचं ते झालेलं असतं.

गंमत म्हणजे, म्हणजे गंमत नाहीच ती, जखमी माणसं मात्र हद्द कधीपासूनच ओलांडताहेत. सावंतवाडी-दोडामार्गचा गंभीर रुग्ण बांबोळीला जातो. चंदगडचा बेळगावला येतो. २०१८ मध्ये गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन पेटलं होतं, कारण लोकांचा दवाखाना तिकडेच होता. लोकांनी आपला व्यवहार अंतर बघून ठरवलाय. सरकारने अजून हद्द बघूनच ठरवलाय.

कायद्यात एकटा माणूस बसत नाही

आता जरा किचकट भाग, पण तोच महत्त्वाचा.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यात आपत्तीची व्याख्या अशी की तिथल्या समाजाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची हानी झाली पाहिजे. दरड कोसळून वाडी गेली, महापूर आला, तर आपत्ती. कावळेसादवरून एक माणूस खाली गेला, तर ती कायद्याच्या भाषेत आपत्ती नाही, तो अपघात. आपत्ती नाही म्हणून आपत्ती निधीतून खर्च नाही. दोर झिजला तर तो कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा? तहसीलदाराला विचारलं तर तोही हात वर करणार, आणि नियमाने बघितलं तर त्याचंही बरोबर.

दुसरं. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलं. मदत करणाऱ्याने सद्भावनेने केलेल्या कृतीत काही बिघडलं तर त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगण्याची, साक्षीदार होण्याची सक्ती नाही. चांगली तरतूद. पण कायदा मोटार वाहनांचा आहे. गाडी दरीत पडली तर ती वर काढणारा पोरगा त्यात बसतो. माणूस पायी चालता चालता दरीत पडला तर तोच पोरगा, तोच दोर, तीच दरी आणि कायद्याचं ते छत्र डोक्यावर नाही. जखमीला वर आणताना मणक्याला धक्का बसला आणि उद्या नातेवाइकांनी विचारलं, तर काय?

तिसरं, पंचनामा. अकस्मात मृत्यूची नोंद होते, चौकशी होते. दरीत जो उतरला तोच पहिला बघणारा, त्यामुळे जबाब त्याचा. ठाण्यात एक फेरी, कधी दोन. प्रकरण गुन्ह्याचं निघालं तर कोर्टातही. आणि आंबोलीच्या दरीत गुन्ह्याची प्रकरणं निघतात. या घाटात बाहेरून मृतदेह आणून टाकण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत उघडकीला आलेत. जानेवारी २०२३ मध्ये तर मृतदेह टाकायला आलेल्यांपैकी एक जण स्वतःच दरीत पडून मेला. म्हणजे मारणारे कुठले, मेलेला कुठला आणि दोन्ही मृतदेह वर काढायची वेळ इथल्या माणसांवर. त्यातले काही मृतदेह किती दिवसांचे असतात आणि ते खांद्यावर घेणाऱ्याला रात्री जेवण जातं का, हे विचारायला कुणी येत नाही. मन सावरायला मदत वगैरे शब्द आपण शहरातल्या परिसंवादात ऐकतो. इथे ते काम चहाच्या टपरीवर होतं, किंवा होत नाही.

केंद्राची ‘आपदा मित्र’ योजना आहे. ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचे, बारा दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि ठराविक मुदतीचा विमा. कल्पना चांगली आहे. पण तिचा रोख पूर, वादळ, भूकंप, दरड यांच्याकडे. कड्यावरच्या दोरकामाला बारा दिवस पुरत नाहीत, त्याला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. शिवाय विम्याची मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. स्वयंसेवकाने मुदत बघून दरीत उतरायचं का?

महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात आयोजकांची नोंदणी, सुरक्षेचे नियम आहेत. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांना शिस्त लावायला ते गरजेचंच. पण कावळेसादला पडणारा माणूस बहुतेकदा कुणा आयोजकाबरोबर आलेला नसतो. तो घरच्यांना घेऊन भजी खायला आलेला असतो.

बंदी घातली की झालं?

जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात पटकन करता येण्यासारखी गोष्ट एकच, मनाई आदेश. पूर्वी कलम १४४ होतं, आता नव्या संहितेत १६३. जुलै २०२३ मध्ये सांगे तालुक्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर गोव्याने धबधब्यांवर बंदी आणली. त्याच महिन्यात दूधसागरला रूळांवरून चालत निघालेल्या पर्यटकांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. खानापूरच्या जंगलातही वनखातं पावसाळ्यात धबधब्यांची वाट अडवतं.

बंदी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. जीव वाचत असतील तर ती हवीच. पण तीन राज्यांत तिघं जण आपापल्या तारखेला, आपापल्या मनाने बंदी घालतात. बेळगावचा माणूस शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर बघतो, खानापुरात बंद आहे, गोव्यात बंद आहे, मग चला सुंडीला, चला आंबोलीला. गर्दी थांबत नाही, फक्त वळते. आणि जिथे वळते तिथल्या पथकाला त्याची आगाऊ खबरही नसते. निदान एवढं तरी करा, आदेश काढला की शेजारच्या जिल्ह्याला कळवा.

गोव्याचं एक वेगळं उदाहरणही बघण्यासारखं आहे. तिथे किनाऱ्यांवर जीवरक्षकांची सेवा सरकारने कंत्राटावर दृष्टी या कंपनीकडे दिलीय आणि दूधसागरलाही त्यांची माणसं असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये अचानक पाणी वाढून तिथला छोटा पूल कोसळला, तेव्हा अडकलेल्या चाळीसच्या वर पर्यटकांना याच जीवरक्षकांनी पलीकडे काढलं. पगारी माणूस जागेवर असला की काय होतं ते यातून दिसलं. पण दूधसागरला तिकीट आहे, जीप आहेत, उत्पन्न आहे. घाटातल्या प्रत्येक वळणावर पगारी माणूस उभा करणं कुठल्याच राज्याला परवडणार नाही. म्हणून स्वयंसेवक लागणारच. प्रश्न त्यांना कसं सांभाळायचं एवढाच आहे.

पथकांनाही दोन शब्द

सगळं सरकारवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. पथकांमध्येही दुखणी आहेत आणि ती त्यांच्यातलेच जुने लोक खाजगीत बोलतात. एखाद्या कामाला दोन पथकं आली की श्रेय कुणाचं यावरून ताणाताणी होते. जखमीला स्ट्रेचरवर बांधायच्या आधी कुणीतरी मोबाईल काढून लाईव्ह करतो. मृताच्या चेहऱ्याचा फोटो घरच्यांच्या आधी गावाला दिसतो. ट्रेकिंगची चार वर्षं आणि रंगीत टी-शर्ट म्हणजे बचावपथक नव्हे. प्रशिक्षण नसलेला उत्साही माणूस दोराला लटकला की वाचवायची माणसं दोन होतात.

आमच्या धंद्यालाही सांगायला हवं. दरीतून स्ट्रेचर वर येतोय आणि माईक पुढे, हे बंद व्हायला पाहिजे. आमच्याच व्यवसायातल्या काही मंडळींना दोराला पाय लागू नये म्हणून बाजूला करावं लागतं. असं मी पाहिलंय आणि एकदा त्या मंडळींत मीही होतो.

मागणी मोठी नाही

जगात दुसरीकडे काय करतात बघा. ब्रिटनमध्ये डोंगरातला बचाव आजही स्वयंसेवी पथकंच करतात, तीही फुकट. पण पद्धत पक्की आहे. ९९९ लावायचा, पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू सांगायचं. पथकाला बोलावणं पोलिसांचं असतं. म्हणजे स्वयंसेवक स्वतःच्या मर्जीने आला नाही, राज्याने बोलावलं म्हणून आला, हे कागदावर असतं. इटलीत तर १९९२ मध्ये कायदाच झाला, पर्वत बचाव पथकातला स्वयंसेवक कामावर गैरहजर राहिला तर त्याची मजुरी बुडू नये म्हणून. माझ्या वरच्या १२ हजारांच्या हिशेबाचं उत्तर त्यांनी तीस वर्षांपूर्वी दिलंय.

आपल्याला इटली व्हायचं नाही. बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा, चार जिल्हाधिकारी. मेमध्ये मान्सूनपूर्व बैठका चारही ठिकाणी होतातच. त्यातली एक एकत्र घ्या, आंबोलीत घ्या, हवाही चांगली असते. कुठल्या दरीला कुठलं पथक जवळ आहे याची यादी करा आणि ती ११२ च्या तिन्ही नियंत्रण कक्षांत लावा. हद्द कुणाचीही असो, जवळचं पथक जाईल आणि पोलीस त्याला लेखी बोलावतील, भले व्हॉट्सअ‍ॅपवर. त्या एका ओळीने विम्याचाही प्रश्न सोपा होतो आणि जबाबदारीचाही. नोंदणी झालेल्या पथकाला वर्षाला दोर आणि हार्नेस बदलण्यापुरते पैसे जिल्हा नियोजनातून देता येतात का, ते एखाद्या आमदाराने बघावं. पॉईंटवर पार्किंगची पावती फाडली जाते तिथे त्यातला काही हिस्सा याच कामाला लावावा. त्या पावतीवर गर्दी येते, त्या गर्दीतूनच माणूस पडतो, तेव्हा हा खर्च त्याच खात्यात बसतो. आणि मृतदेह काढायला जो उतरतो, त्याला त्या दिवसाचा रोज द्या. मानधन म्हणा, भत्ता म्हणा, काहीही म्हणा. पोस्टमॉर्टेमला मदत करणाऱ्याला पैसे मिळतात, दरीतून आणणाऱ्याला का नाहीत?

यावर एक आक्षेप येतो आणि तो पथकांमधूनच येतो. पैसे आले की सेवा संपते, राजकारण शिरतं, पथकं फुटतात. आक्षेपात दम आहे. गावागावातल्या मंडळांचं काय झालं ते आपण बघितलंय. म्हणून मी पगार म्हणत नाही. दोर, विमा, बुडालेला रोज आणि एक फोन नंबरची यादी, एवढंच म्हणतोय.

या आठवड्यात आंबोलीच्या बाजूला निघणार असाल तर निघण्यापूर्वी घरी सांगून ठेवा, कुठल्या पॉईंटला जातोय ते. गाडीत एखादा टॉर्च आणि शिट्टी असू द्या. कुणी पडलं तर स्वतः उतरू नका. जागा नीट लक्षात ठेवा, कुठल्या झाडाजवळून, कुठल्या रेलिंगच्या टोकाकडून, किती वाजता. मोबाईलवर जागेचं लोकेशन काढून ठेवा. ११२ लावा आणि राज्य कुठलं, जिल्हा कुठला, गाव कुठलं ते आधी सांगा, नाव नंतर. रेंज नसेल तर जवळच्या टपरीवर जा. तिथल्या माणसाकडे पथकातल्या कुणाचा तरी नंबर नक्की असतो, कारण अनेकदा तो स्वतःच पथकात असतो.